पाकातली सळई आणि पुस्तकातली गोळी

बारावीच्या भौतिकीच्या पुस्तकात द्रायूंच्या गुणधर्मांवर एक प्रकरण आहे. त्यात स्टोक्सचा नियम येतो. दाट द्रवातून सावकाश पडणाऱ्या लहान गोळीवर होणारा रोध हा द्रवाची श्यानता, गोळीची त्रिज्या आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराच्या ६π पट असतो, एवढे सांगितले जाते. मग अंतिम वेगाचे सूत्र निघते, दोन गणिते होतात आणि वर्ग पृष्ठताणाकडे किंवा बर्नुलीकडे वळतो. प्रयोगशाळेत ग्लिसरीन किंवा एरंडेल भरलेल्या उंच नळकांड्यात पोलादी छर्रे सोडून घड्याळ लावले की प्रात्यक्षिकही पूर्ण होते.

या प्रकरणात चुकीचे असे काही छापलेले नाही. तक्रार वेगळी आहे. नियमाच्या विधानात 'गोल' हा शब्द आहे, पण विद्यार्थ्याला तो शब्द तिथे का आहे हे कधीच कळत नाही. वस्तू गोल नसेल तर काय होईल, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही आणि विद्यार्थ्यालाही विचारू देत नाही. सोमेश्वरनगरसारख्या, साखर कारखान्याच्या भोवती वाढलेल्या गावातला विद्यार्थी ज्या कणांमध्ये राहतो, त्यांतला एकही गोल नाही. उसाच्या रसातला भुसा तंतूसारखा असतो. साखरेचा दाणा पैलूदार असतो. त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकत्यांसारख्या असतात. गोळीच्या सूत्रावर मार्क मिळतात, पण आजूबाजूच्या कोणत्याही कणाला ते सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही.

या उणिवेवर एक जुना आणि चांगला उतारा उपलब्ध आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर (१८८६–१९७५) यांनी १९६०च्या दशकात, वयाच्या ऐंशीच्या आसपास, कमी रेनॉल्ड्स अंकाच्या प्रवाहांवर सुमारे अर्ध्या तासाचा एक शैक्षणिक चित्रपट केला. अमेरिकेतील द्रायुयामिकीच्या चित्रपटांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्या मालिकेतला तो एक भाग. आता तो इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा का, दाखवला तर कुठे थांबवावा, आणि त्याने जे सांगितले नाही ते आपण कसे भरून काढावे, याचा विचार इथे करू.

चित्रपटाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तो सूत्रापासून सुरू होत नाही. आधी वस्तू दाखवतो, मग रेनॉल्ड्स अंकाचा अर्थ सांगतो. वाहत्या द्रवात दोन गोष्टींची चढाओढ चालते. एक जडत्व, म्हणजे चालू असलेली गती टिकवण्याची प्रवृत्ती. दुसरी श्यानता, म्हणजे द्रवाच्या थरांचे एकमेकांशी घर्षण. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. द्रवाची घनता, वस्तूचा वेग आणि तिची लांबी यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की तो मिळतो. अंक एकाहून खूप लहान असेल तर जडत्वाला जवळपास काही किंमत उरत नाही. ढकलणे थांबले की वस्तू थांबते.

या अंकाचा उपयोग केवढा, हे आकडे घालून पाहावे. समजा एका काचेच्या पट्टीवर ५० मायक्रोमीटर रुंदीची बारीक वाहिनी कोरली आहे आणि तिच्यातून पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने जात आहे. इथे रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे ०.०५. आता एरंडेलाच्या बरणीत तांब्याच्या तारेचा २ सेंटिमीटर लांबीचा तुकडा टाका. एरंडेलाची श्यानता पाण्याच्या साधारण ८०० पट धरली आणि तार सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने खाली चालली, तर अंक येतो सुमारे ०.२. दोन्ही अंक एकाहून बरेच लहान. म्हणून दोन्हीकडचे वागणे एकाच जातीचे. केसाहून बारीक वाहिनीत एखादा सूक्ष्म कण कसा सरकेल, ते बरणीतली तार आपल्याला डोळ्यांनी दाखवते. सूक्ष्मदर्शकाची किंमत परवडत नसलेल्या शाळेला एरंडेलाची बाटली परवडते. टेलर यांच्या चित्रपटाचे सारे सामर्थ्य या एका कल्पनेत आहे.

पाठ्यपुस्तकात हा अंक येतो, पण तो आणि स्टोक्सचा नियम यांची गाठ घातली जात नाही. याचा परिणाम सरावाच्या गणितांत दिसतो. पावसाच्या थेंबाचा अंतिम वेग काढा, असे गणित नेहमी भेटते. थेंबाची त्रिज्या १ मिलिमीटर धरून सूत्रात घातली तर वेग येतो सेकंदाला सुमारे १२० मीटर, म्हणजे ताशी सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक. असा पाऊस पडला तर छत्री काय, कौलेही उरणार नाहीत. प्रत्यक्षात एवढा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरांच्या आसपास वेगाने पडतो. सूत्राने दिलेल्या वेगाला रेनॉल्ड्स अंक काढला तर तो १६ हजारांच्या घरात जातो. म्हणजे नियमाची अटच मोडलेली असते. ढगातल्या ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाला मात्र हाच नियम छान लागू पडतो. त्याचा वेग सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या जवळपास येतो आणि तो खरा आहे. दोन्ही गणिते शेजारी शेजारी ठेवली असती तर नियमाची हद्द मुलांना आपोआप कळली असती.

आता आकाराकडे येऊ. चित्रपटात दाट पाकासारख्या द्रवात दोन सारख्या सळया सोडल्या जातात, एक उभी आणि एक आडवी. उभी सळई आडवीच्या सुमारे दुप्पट वेगाने खाली जाते. मुलांना हे दाखवले की पहिली प्रतिक्रिया 'त्यात काय, उभी सळई टोकदार, पाणी कापत जाते' अशी येते. इथे चित्रपट थांबवावा. कारण ही प्रतिक्रिया मासा, होडी आणि विमान यांच्यावरून आलेली आहे आणि इथे ती लागू नाही. जडत्वाच्या जगात निमुळता आकार रोध कितीतरी पटींनी कमी करतो. श्यानतेच्या जगात मात्र अत्यंत सडपातळ सळईलाही उभे आणि आडवे यांत दुपटीहून जास्त फरक पडत नाही.

याहून थक्क करणारे उदाहरण चकतीचे आहे. कागदासारखी पातळ गोल चकती तिच्या सपाट बाजूने द्रवात ढकलली तर तिच्यावरचा रोध तेवढ्याच त्रिज्येच्या भरीव गोळीच्या ८५ टक्के असतो. तीच चकती कडेच्या बाजूने सरकवली तर ५७ टक्के. कडेने जाताना तिच्यासमोर अडवायला जवळजवळ काहीच नाही, तरी निम्म्याहून जास्त रोध शिल्लक राहतो. फ्रान्सच्या पिरोनो यांनी १९७३ मध्ये उलट प्रश्न सोडवला: ठरावीक घनफळाच्या वस्तूला अशा प्रवाहात सर्वांत कमी रोध व्हावा, तर तिचा आकार कसा असावा? उत्तर आले दोन्ही टोकांना निमुळता, रग्बीच्या चेंडूसारखा. पण त्याने गोळीच्या तुलनेत रोध वाचतो जेमतेम ५ टक्के.

असे का होते? दाट द्रवात सरकणारी वस्तू आपल्याबरोबर भोवतालचा फार मोठा भाग ओढत नेते. तिचा परिणाम अंतराबरोबर हळूहळू, अंतराच्या व्यस्त प्रमाणात, कमी होतो. दूरच्या द्रवाला वस्तूची टोके आणि कडा जाणवतच नाहीत. त्याला जाणवतो तो तिचा एकंदर पसारा. म्हणून रोध मुख्यतः वस्तूच्या सर्वांत मोठ्या लांबीवर ठरतो. गोळीच्या ६π मधला एक तृतीयांश भाग दाबामुळे आणि दोन तृतीयांश पृष्ठभागावरच्या घर्षणामुळे येतो, हेही मुलांना सांगावे. म्हणजे कडेने जाणाऱ्या चकतीला रोध कुठून येतो, ते त्यांना उमजेल.

मग आकाराने फारसा फरक पडत नाही, असे म्हणायचे का? नाही. आकार वेगात थोडा फरक करतो, पण दिशेत मोठा करतो. सळई तिरपी सोडली की ती सरळ खाली न जाता आपल्या लांबीच्या दिशेने तिरकी सरकत जाते. लांबीच्या दिशेला रोध कमी आणि आडव्या दिशेला जास्त, म्हणून वेग वजनाच्या रेषेत राहत नाही. दुप्पट रोध धरून गणित केले तर सळई उभ्या रेषेपासून जास्तीत जास्त साडेएकोणीस अंशांनी बाजूला जाऊ शकते, आणि त्यासाठी ती उभ्याशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून सोडावी लागते. अकरावी-बारावीच्या त्रिकोणमितीत हे बसते. गोळीला असे बाजूला सरकताच येत नाही. कणांची प्रतवारी आकारावरून करता येण्याची शक्यता इथे सुरू होते.

या जागी चित्रपट एक सुंदर संधी निम्मी सोडतो. तिरपी सळई पडताना वळत का नाही? हवेत सोडलेला पत्ता किंवा पाण्यात टाकलेले नाणे डोलते, वळते. सळई मात्र ज्या कोनात सोडली त्याच कोनात खालपर्यंत जाते. याचे कारण चित्रपटातच दुसऱ्या प्रयोगात दडलेले आहे. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांमध्ये दाट द्रव भरून त्यात रंगाचा ठिपका सोडतात. आतले नळकांडे काही फेरे फिरवले की रंग पसरून दिसेनासा होतो. तेवढेच फेरे उलटे फिरवले की ठिपका पुन्हा जागेवर येतो. जडत्व नसल्यामुळे हा प्रवाह पूर्णपणे उलटवता येतो. मुले या दृश्याला टाळ्या वाजवतात. पण हीच उलटवण्याची कल्पना सळईला लावून पाहावी.

समजा, तिरपी सळई पडताना घड्याळाच्या दिशेने वळते. आता बल उलटे केले तर सगळी गती उलटेल. सळई वर जाईल आणि घड्याळाच्या विरुद्ध वळेल. हे चित्र कागदावर काढून कागद १८० अंशांत फिरवा. सळईची दोन्ही टोके सारखीच, म्हणून ती पूर्वीच्याच कोनात दिसेल. ती आता खाली जात असेल, पण वळणे अजूनही घड्याळाच्या विरुद्धच असेल. एकच सळई, एकच कोन, एकच बल आणि दोन विरुद्ध वळणे! असे होऊ शकत नाही. म्हणून ती वळतच नाही. एकही समीकरण न मांडता एक भौतिक निष्कर्ष सिद्ध झाला. आमच्या मते साऱ्या विषयातला हा सर्वांत शिकवण्याजोगा युक्तिवाद आहे, आणि शिक्षकांनी तो फळ्यावर करून दाखवल्याशिवाय चित्रपट पुढे नेऊ नये.

आता उणिवा. पहिली उणीव 'दुप्पट' या शब्दाची. हा आकडा अमर्याद सडपातळ सळईचा आहे. प्रत्यक्ष तारेचे तुकडे तसे नसतात. लांबी जाडीच्या २० पट असेल तर गुणोत्तर दीडच्या थोडे खाली येते, ४० पट असेल तर दीडच्या थोडे वर, आणि १०० पट असली तरी ते १.६च्या आसपासच राहते. चित्रपट पाहून वर्गात प्रयोग केला आणि दीड आले, तर मुले आपलेच चुकले असे समजून वहीत दोन लिहितील. प्रयोगवहीत उत्तर जुळवण्याची आपल्याकडची सवय शिक्षकांना सांगायला नको. म्हणून दीडच का यावे, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चित्रपटातली सळई स्थिर द्रवात पडते. सूक्ष्म वाहिन्यांत द्रव स्वतःच वाहतो, आणि तोही सगळीकडे सारख्या वेगाने नाही. मध्ये वेग जास्त, भिंतीपाशी शून्य. अशा प्रवाहात लांबट कणाच्या एका टोकाला जास्त वेगाचा द्रव ढकलतो आणि दुसऱ्याला कमी वेगाचा. कण कोलांट्या खाऊ लागतो. जेफरी यांनी १९२२ मध्ये लंबगोल कणासाठी याचे गणित मांडले. गोळी एकसारख्या गतीने फिरत राहते. लांबट कण मात्र प्रवाहाच्या दिशेशी जुळला की बराच काळ तसाच पडून राहतो, मग झटकन उलटतो आणि पुन्हा जुळून राहतो. लांबी जाडीच्या १० पट असेल तर एक पूर्ण फेरी घ्यायला त्याला गोळीच्या पाचपट वेळ लागतो. कालव्यात पडलेली वाळकी काडी अशी लय दाखवील असे मात्र मुलांना सांगू नये. निरा डाव्या कालव्यातल्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक लाखोंत जातो आणि तिथे भोवऱ्यांचे राज्य असते.

तिसरी उणीव काळाची आहे आणि तिचा दोष चित्रपटाला देता येत नाही. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखवले की नळीतून वाहणाऱ्या द्रवातले गोल कण आपोआप एका वर्तुळावर जमतात. नळीच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ अंतरावर हे वर्तुळ असते. जडत्व अगदीच नगण्य असते तर असे झाले नसते. म्हणजे सूक्ष्म वाहिनीतही वेग वाढवला की थोडे जडत्व परत येते आणि कण प्रवाह ओलांडून सरकतात. पुढे या सरकण्याचा उपयोग कण निवडण्यासाठी होऊ लागला. २०१२ मध्ये अमेरिकेतील दिनो दि कार्लो यांच्या गटाने गोल आणि लांबट कण याच पद्धतीने वाहत्या प्रवाहात वेगळे करून दाखवले. त्या संशोधनाच्या लेखकांत समीर मित्रगोत्री हे नाव आहे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून, म्हणजे त्या वेळच्या यूडीसीटीतून, १९९२ मध्ये ते रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि पुढे एमआयटीतून त्यांनी डॉक्टरेट घेतली.

मित्रगोत्रींच्या कामाचा उल्लेख केवळ अभिमानासाठी नाही. आकाराचा परिणाम मोजायचा तर घनफळ आणि पदार्थ तोच ठेवून फक्त आकार बदललेले कण हवेत. ते आणायचे कुठून? बाजारात पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म गोल कण सहज मिळतात. ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पातळ पापुद्र्यात रुतवायचे, कण मऊ होईपर्यंत तापवायचे, पापुद्रा ताणायचा, थंड करायचा आणि मग पापुद्रा पाण्यात विरघळवून टाकायचा. आतले गोल कण ताणाप्रमाणे लांबट झालेले मिळतात. ही युक्ती आधीपासून माहीत होती. मित्रगोत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ती वाढवून वीसहून अधिक आकार तयार केले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी दाखवले की शरीरातल्या भक्षक पेशी कणाला गिळतात की नाही, हे त्या कणाच्या कोणत्या भागाला पेशी प्रथम चिकटली यावर ठरते. लंबगोल चकतीच्या टोकाशी चिकटलेली पेशी काही मिनिटांत ती गिळते. सपाट बाजूला चिकटलेली पेशी पसरत राहते, पण बारा तासांतही गिळत नाही. औषधाचा कण रक्तात किती काळ टिकेल, हा प्रश्न असा आकारापाशी येऊन पोहोचतो.

रक्ताचे उदाहरण वर्गासाठी सर्वांत जवळचे. तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची आणि २ मायक्रोमीटर जाडीची चकती आहे. तिचा आकार किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. सूक्ष्म खांबांच्या रांगांमधून रक्त वाहवून पेशी वेगळ्या करण्याची पद्धत २००४ पासून प्रचारात आली. तिथे असे दिसते की उथळ वाहिनीत पेशी आडवी पडते आणि आठच्या मापाने वागते. खोल वाहिनीत ती कडेवर उभी राहते आणि दोनच्या मापाने वागते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये वाहिनीची खोली अशी नेमकी ठरवून निद्रारोगाचे लांबट परजीवी तांबड्या पेशींपासून वेगळे केले.

आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे धागे बनतात, पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक केशवाहिन्यांत अडकते. निरोगी पेशी मऊ असल्यामुळे स्वतःहून अरुंद वाहिनीतूनही दुमडून निघून जाते. आकार आणि लवचीकपणा इथे जगण्याचा प्रश्न होतात. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. या आजारावर जीवशास्त्राच्या तासाला बोलले जाते, भौतिकीच्या नाही. टेलर यांच्या चित्रपटात लवचीक धाग्याचा एक छोटा प्रयोग आहे. प्रवाह उलटवला तरी दोरा मूळ आकारात येत नाही, कारण तो वाटेत वाकतो. तेवढा धागा धरून शिक्षक रक्तापर्यंत पोहोचू शकतात.

सोमेश्वरनगरच्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण आहे. तोडलेला ऊस गाळपाशिवाय पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस आणि पाक दाट होतो, हे कारखान्यात काम करणारा कोणीही सांगेल. पण डेक्स्ट्रान आणखी एक गोष्ट करतो. तो साखरेच्या स्फटिकाच्या काही बाजूंची वाढ अडवतो, त्यामुळे दाणा नेहमीसारखा ठोकळेबाज न होता लांबट, सुईसारखा होतो. असे दाणे सेंट्रिफ्युगल यंत्रात नीट धुतले जात नाहीत आणि त्यांच्यामधले मोलॅसिस निघणे अवघड होते. तोडणी लांबली की शेतकऱ्याचे वजन घटते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. कणाचा आकार बदलूनही नुकसान होते, हे विद्यार्थ्याला कळले तर त्याच्या घरच्या उसाशी भौतिकीचे नाते जुळेल.

इथे एक सावधगिरी हवी. यंत्रातला दाण्यांचा दाट थर आणि द्रवात एकटी पडणारी सळई या वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यांच्या गर्दीत प्रत्येक कण शेजाऱ्याचा प्रवाह बदलतो. त्याला स्टोक्सचे सूत्र लावणे म्हणजे पावसाच्या थेंबाची चूक दुसऱ्या टोकाने करणे होय. उदाहरण जवळचे आहे म्हणून ते सूत्रात कोंबू नये. आकाराला किंमत आहे, एवढाच धडा त्यातून घ्यावा.

प्रयोग मात्र जरूर करावा. काकवी दाट असली तरी गडद असते, तिच्यात आतले दिसत नाही. म्हणून एरंडेल किंवा पांढऱ्या साखरेचा दाट पाक घ्यावा. रुंद तोंडाची काचेची बरणी भरून बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर ठेवावी. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे २ सेंटिमीटरचे सरळ तुकडे करावेत. चिमट्याने द्रवाच्या आत नेऊन एक उभा, एक आडवा आणि एक तिरपा सोडावा. एरंडेलात १५ सेंटिमीटर अंतराला उभ्या तारेस सुमारे १५ सेकंद आणि आडवीस २२-२३ सेकंद लागावेत. बरणीच्या भिंती जवळ असतील तर दोन्ही वेळा वाढतील. ऊन पडले की एरंडेल पातळ होते, तेव्हा सगळी मोजमापे एकाच तासात घ्यावीत. तिरप्या तारेचा कोन बदलतो का आणि ती किती बाजूला सरकते, हे मागे आलेखाचा कागद लावून पाहावे. शेवटी तोच तुकडा साध्या पाण्यात सोडावा आणि वागणे कसे बदलते ते मुलांनाच सांगू द्यावे.

निकाल द्यायचा तर असा: टेलर यांचा चित्रपट साठ वर्षांचा होत आला तरी वर्गात दाखवण्याच्या योग्यतेचा आहे, मात्र सलग नाही. सळईच्या प्रसंगापाशी आणि रंगाच्या ठिपक्यापाशी तो थांबवावा आणि दोहोंची गाठ शिक्षकांनी घालावी. वाहत्या द्रवातल्या कोलांट्या आणि भिंतींचा परिणाम त्यात नाही, तो भाग फळ्यावर घ्यावा. पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाबद्दल मात्र समाधान मानता येत नाही. त्यात नवे पान घालण्याची गरज नाही. स्टोक्सच्या नियमाखाली तीन ओळी पुरेत: कण गोल हवा, रेनॉल्ड्स अंक एकाहून बराच लहान हवा, भिंती दूर हव्यात. आणि एक प्रश्न: यांतली एकेक अट मोडली तर काय होईल? पुस्तकात त्या ओळी येईपर्यंत शिक्षकांनी त्या वहीत लिहून घ्याव्यात, आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न आपल्या अखत्यारीत घालावा.